छत्रीच्या सावलीतले बिबडे

अक्कांचं ठरलेलं वाक्य होतं, "चालू शे ना, मंग?" म्हणजे, चालू आहे ना, मग? गुडघे कसे आहेत विचारा, "चालू शे ना, मंग?" पंखा खडखड करतोय म्हणा, चप्पल झिजली म्हणा, उत्तर तेच. आणि ते म्हणताना हनुवटी अशी वर व्हायची की पुढे बोलायची आपलीच हिंमत होऊ नये. असं एखादं माणूस तुमच्याही गल्लीत असेल. त्याला सल्ला द्यायला गेलेला माणूस चहा पिऊन परत येतो आणि सल्ला तसाच खिशात राहतो.

शिक्षिका म्हणून सोनगीरला बदली झाली तेव्हा मला शाळेजवळ जी खोली मिळाली, तिची एक भिंत अक्कांच्या घराची होती. मी धुळ्यात वाढलेली, घड्याळाच्या गजराने उठणारी. सोनगीरला मला गजर लावावा लागला नाही. अक्का एका कानाने ठार बहिऱ्या होत्या, त्यामुळे त्यांचा टीव्ही त्यांच्यासाठी कमी आणि गल्लीसाठी जास्त बोलायचा. सकाळी भजनं, मग बातम्या, मग शेतीचं काहीतरी. स्वयंपाकाला बसायच्या वेळी त्या तो खटकन बंद करायच्या आणि वर फडक्याचा पदर टाकायच्या. डब्यालाही विसावा पाहिजे, असं त्यांचं म्हणणं.

टीव्हीला त्या डबाच म्हणत. होताही तो डबाच, मागे पोट सुटलेला, जुन्या काळचा. नवरा लवकर गेल्यावर अक्कांनी उन्हाळ्याउन्हाळ्याला लोकांचे बिबडे घालून दिले आणि त्यातून तो घेतला होता. बिबडे म्हणजे आमच्या खानदेशातले ज्वारीचे पापड. रात्री भिजलेल्या ज्वारीचा घाटा पहाटे शिजवायचा आणि गरम असतानाच धाब्यावर, म्हणजे मातीच्या सपाट छतावर, ओल्या लुगड्यांवर थापायचा. हात भाजतात. अक्कांच्या बोटांची टोकं कायम गुळगुळीत असायची. त्या डब्यात आता सगळी माणसं जरा जांभळी दिसत, पण अक्कांपुढे कोणी तसं बोललं तर उत्तर काय मिळायचं ते तुम्हाला माहीत आहे.

मग केबलवाल्याने गल्लीतली जुनी वायर काढली. आता नवा बॉक्स घ्या, दर महिन्याला मोबाईलवरून रिचार्ज मारा, आणि खरं तर टीव्हीच नवा घ्या, असं तो सांगून गेला. अक्कांनी त्याला ओट्यावरूनच वाटेला लावलं. स्वतःच्या डब्यात बघायला दर महिन्याला कोणाची परवानगी काढायची नाही, हे त्यांचं पक्कं होतं. डबा मुका झाला. भिंतीपलीकडून काहीच येईना, तेव्हा मला पहिल्यांदा कळलं की मी रोज काय ऐकत होते. अक्का उठल्या, अक्का बऱ्या आहेत, एवढंच मी त्या आवाजात ऐकत होते.

हे त्यांच्या मुलालाही कळलं. तो सुरतला कापडाच्या मिलमध्ये. कधी चुकून टीव्हीचा आवाज आला नाही तर आम्ही त्याला फोन करायचो, अशी आमची न बोललेली पद्धत होती. होळीला तो आला आणि त्या गप्प घरात दिवसभर बसला. संध्याकाळी त्याने विषय काढला. सुरतला चल म्हणाला. माणूस वाईट नव्हता, खरोखर घाबरलेला होता.

"माय, तू आठे पडनी तर कोनले समजी?" त्याने विचारलं. ती इथे एकटी पडली तर कोणाला कळणार, ही त्याची भीती.

अक्कांनी मुक्या डब्याकडे बघितलं. मग म्हणाल्या, "आखाजीले ये. डबा बोलना तर मी आठेच ऱ्हासू. नही बोलना तर तुनासंगे सुरतले येसू."

आखाजी म्हणजे अक्षय तृतीया. आमच्याकडे दिवाळीपेक्षा मोठी. सासरी गेलेल्या लेकी माहेरी येतात, झोके बांधतात. अक्कांनी मुद्दाम तोच दिवस धरला, कारण आखाजीला दिलेला शब्द फिरवायचा नसतो असं त्या मानत. मुलाने मान हलवली. त्याला वाटलं जिंकलो. मलाही, खरं सांगायचं तर, तसंच वाटलं.

बाजारात रशीदभाईंचं मिक्सर-पंखे दुरुस्तीचं दुकान. तेच फुकटच्या चॅनेलची छत्री, म्हणजे डिश, बसवून देत. एकदा छत्री घेतली की दर महिन्याचं काही नाही. अक्का त्यांच्याकडे गेल्या आणि मला सोबत नेलं. डबा कोणत्या सालचा हे ऐकून रशीदभाईंनी कपाळाला हात लावला. जुन्या डब्याला नवा बॉक्स जोडताना निम्मा दिवस जातो, त्यापेक्षा दुकानातला एखादा वापरलेला चपटा टीव्ही घेऊन जा, म्हणाले. अक्का तिथल्या स्टुलावर बसल्या.

"घर मनं, डबा मना. आकाश काय कोना बापनं शे?"

घर माझं, डबा माझा, हा हिशोब ऐकून रशीदभाई हसले आणि पिशवी भरायला लागले.

पहिली अडचण धाब्यावर. मातीच्या छताला बोल्ट कुठे मारणार? अक्कांनी कोपऱ्यात पडलेलं दगडी उखळ दाखवलं. मिरच्या कुटणं त्यांनी कधीच सोडलं होतं. रशीदभाईंनी आणि शेजारच्या दोघांनी ते वर चढवून भिंतीच्या माथ्यावर ठेवलं, उखळाच्या खळग्यात छत्रीचा पाईप उभा केला आणि चारी बाजूंनी लाकडाच्या पाचरी ठोकल्या. छत्रीचं तोंड आग्नेयेकडे, गावच्या किल्ल्याकडे पाठ. दिसायला झकास. हाताने जरा जोर लावला की फिरायचीही, पण तेव्हा ते कोणाच्या मनात आलं नाही.

दुसरी अडचण खाली. बॉक्सच्या तीन तारा, पिवळी, पांढरी आणि लाल. डब्याच्या पाठीला भोकं दोनच. रशीदभाईंनी पिवळी चित्राला लावली, पांढरी आवाजाला, लाल तशीच लोंबत ठेवली. अक्कांना शंका आली की आपल्याला काहीतरी कमी मिळतंय. त्यांनी लाल तार बोटात धरून विचारलं, याचं काय? रशीदभाईंनी सांगितलं की नव्या टीव्हीला आवाजाचे दोन रस्ते असतात, याला एकच. डबा एका कानाचा आहे.

अक्कांचा चेहरा असा उजळला की बघत राहावं. "माले बी एकच कान शे," त्या म्हणाल्या. "जमनं आमनं."

मग डब्याची चॅनेलं बटणाने उलटी खाली नेत एकच्याही खाली गेल्यावर बॉक्सची निळी पाटी उमटली. रशीदभाई वर छत्री केसाकेसाने फिरवताहेत, अक्का खाली डब्याला नाक लावून बसलेल्या, आणि मी जिन्यात, वरचं खाली आणि खालचं वर ओरडून सांगतेय. शाळेत माझा आवाज कमी पडतो अशी तक्रार होती, ती त्या दिवशी मिटली. पडद्यावरची पट्टी भरली, एक जांभळा माणूस बातम्या सांगायला लागला आणि रशीदभाईंनी वरूनच पाचरी घट्ट केल्या. दुसऱ्या दिवसापासून माझा गजर पुन्हा सुरू झाला.

इथे गोष्ट संपली असती. पण आखाजी जवळ आली होती आणि अक्का हात बांधून बसणाऱ्या नव्हत्या. गल्लीतल्या बायका दरवर्षी त्यांच्याच धाब्यावर बिबडे घालत, कारण ते सगळ्यांत उंच आणि ऊन अडवायला काही नाही. आखाजीच्या आदल्या दिवशी सकाळी धाबं लुगड्यांनी झाकलं गेलं, कोपऱ्यांवर दगड ठेवले गेले. मी शाळेतून दुपारी आले तर भिंतीपलीकडे चिडीचूप. अक्का डब्यासमोर उभ्या. पडदा निळा, वर सिग्नल नसल्याची पाटी.

तारा काढून लावल्या, बॉक्स बंद करून चालू केला, पुसला, फुंकला. रशीदभाई लग्नासाठी शिरपूरला गेलेले, फोन लागेना. अक्कांनी आधी माकडांवर आळ घेतला, मग केबलवाल्यावर, मग सरकारवर. संध्याकाळी मुलगा आला तेव्हा पडदा निळाच होता. तो हसला नाही, टोमणा मारला नाही. ट्रंक खाली काढली आणि आईचं धुतलेलं लुगडं घडी करून त्यात ठेवलं. मला ते त्याच्या हसण्यापेक्षा जास्त लागलं.

"आखाजी सकाय शे," अक्का म्हणाल्या. सकाय म्हणजे उद्या. आणि त्या बिबडे गोळा करायला वर गेल्या. मीही गेले. ऊन कललं होतं. अक्का एकेक बिबडा सोडवत तिसऱ्या लुगड्यापाशी आल्या आणि थांबल्या. छत्रीकडे बघितलं, लुगड्याकडे बघितलं. अर्धा ओला बिबडा हातात तसाच.

"बाई, सावली पडी ऱ्हायंती बिबडास्वर," त्या हळूच म्हणाल्या. "मीच फिरायी दिनी."

काय झालं ते आता तुम्हीही ओळखलं असेल. सकाळी थापताना छत्रीची सावली लसणाच्या बिबड्यांवर पडत होती. उन्हाच्या आड काही आलं की ते बाजूला सारायचं, हे त्या हातांना जन्मभराचं वळण. सूप सरकवावं तशी त्यांनी छत्री सरकवली आणि पुढच्या लुगड्याकडे वळल्या. आकाशातून काही येतं आणि ते त्या थाळीत नेमकं पडावं लागतं, हे त्यांना माहीत होतं. पण बिबडे ओले राहतील ही काळजी त्याहून जुनी होती. मला हसू आवरेना, आणि तेवढ्यात खालची ट्रंक आठवली. या एका सवयीपायी आता त्यांचं घर सुटणार होतं.

अक्का हसल्या नाहीत आणि रडल्याही नाहीत. लुगडं उचलू नका, म्हणाल्या. सगळे बिबडे गोळा झाले पण ते तिसरं लुगडं दगडांखाली तसंच राहिलं.

आखाजीच्या सकाळी थापायच्या त्याच वेळेला अक्का वर. त्यांचा हिशोब साधा होता. काल या वेळेला, छत्री फिरवायच्या आधी, सावली लुगड्याच्या काठापाशी, लसणाच्या डागावर होती. ऊन आजही तिथूनच येतंय. तेव्हा छत्री फिरवायची आणि सावली पुन्हा त्याच डागावर आणून ठेवायची. मी पुन्हा जिन्यात. खाली डब्याशी बसायला कोणी नव्हतं, म्हणून मुलगा बसला.

आता बघा, कोण कुठे होतं ते. पट्टी भरली की नाही हे एकट्या त्यालाच दिसणार होतं. तो गप्प राहिला असता तर आई दुपारच्या गाडीत बसली असती. मी जिन्यातून त्याच्याकडे बघत होते आणि वर अक्का छत्रीला मिठी मारल्यासारख्या धरून केसभर इकडे, केसभर तिकडे करत होत्या. गल्लीत पोरींनी झोके बांधले होते, त्यांची गाणी सुरू झाली होती. मुलाची पाठ एकदम ताठ झाली. तो क्षणभर तसाच बसला. मग ओरडला, इतका मोठ्याने की मध्ये माझी गरजच पडली नाही.

"उनं, माय! चित्र उनं!"

चित्र आलं म्हटल्यावर अक्का खाली आल्या, हनुवटी वर करून. ट्रंकेतलं लुगडं काढलं, नेसल्या आणि पुरणाला बसल्या. मुलाने त्या दिवशी इतक्या पोळ्या खाल्ल्या की मला शंका आली, हरल्याचा आनंद त्यालाच जास्त झालाय. संध्याकाळी जाताना मात्र तो माझ्यापाशी थांबला आणि आवाजाकडे लक्ष ठेवा म्हणाला.

मी ठेवलं. पुढची कितीतरी वर्षं ठेवलं. आवाज आला नाही तर धावायचं, एवढं आम्हा सगळ्यांच्या डोक्यात पक्कं होतं. गेल्या थंडीत एका दुपारी मी शाळेतून आले, कुलूप काढलं आणि भिंतीपलीकडे कोणीतरी हरभऱ्यावरच्या अळीबद्दल सांगत होतं. स्वयंपाकाची वेळ कधीच टळून गेली होती. डबा बंद झालेला नव्हता. मी किल्ली तशीच दारात सोडून धावले.

अक्का भिंतीला टेकून बसल्या होत्या. बरा कान डब्याकडे.

मुलगा आला, दहावं-तेरावं सगळं रीतीप्रमाणे केलं. त्याला घर लगेच विकायचं नव्हतं. छत्री तेवढी काढून ठेवतो, वाऱ्याने पडेल, असं म्हणून तो पाना घेऊन धाब्यावर गेला. बराच वेळ वर होता. खाली आला तेव्हा हात रिकामे होते, आणि पाना कुठे ठेवला हेही त्याला आठवत नव्हतं. त्याने डब्यावर फडकं टाकलं, दाराला कुलूप लावलं आणि धाब्याच्या जिन्याचं दार मात्र बायकांसाठी उघडं ठेवून गेला.

यंदाच्या आखाजीला आम्ही तिथेच बिबडे घातले. गल्लीत एक नवी सून आलीय, हौशी आहे. घाटा थापताना तिच्या लक्षात आलं की छत्रीची सावली लुगड्यावर येतेय. ती उठली आणि छत्रीला हात घालणार, तोच सगळ्या बायका एकदम म्हणाल्या, "तिले हात नको लावू."

ती गोंधळून बघत राहिली. खाली घराला कुलूप, डबा बंद, त्या थाळीत पडलेलं आता कोणी बघत नाही, हे सगळं तिला माहीत होतं आणि आम्हालाही. तरी मी तिचं लुगडं जरा अलीकडे ओढून दिलं. लसणाचे बिबडे पलीकडच्या कोपऱ्यात गेले, आणि सावलीपुरती जागा आम्ही रिकामी सोडली.