आमचा कोरियन भाडेकरू आणि आबांचा ओरडा

मंडळी, सकाळपासून टांगणीला लागलेला जीव आत्ता भांड्यात पडला!

आमचा वरच्या मजल्यावरचा भाडेकरू कोरियन आहे, रांजणगावच्या कंपनीत इंजिनिअर. आज तो पुण्यात फ्लॅट बघायला गेला. तिथं स्विमिंग पूल, लिफ्ट, चोवीस तास लाईट. आमच्या शिरूरात भर उन्हाळ्यात लाईट जाते. आता हा जाणार, असं धरूनच चाललो होतो.

संध्याकाळी आला आन् म्हणाला, "न्हाई जाणार."

का? तर तिथं भर दुपारी उघड्या डोक्यानं फिरला, पण कुणी रागावलंच नाही!

इथं कोपऱ्यावरचे आबा रोज ओरडतात, "आरं, डोक्याला रुमाल बांध की! ऊन लागंल!"

आबांना हे कौतुकानं सांगितलं, तर भडकलेच. "म्हंजी आजबी बिनरुमालाचाच गेला व्हता व्हय?"