चौथी नळी आणि आजींची मिश्री

मंडळी, दवाखाना बंद करून आत्ता टेकलेय. मान धरलीये, पण सांगितल्याशिवाय झोप यायची नाही.

शेवगावजवळच्या एका वस्तीवरच्या आजी माझ्याकडे रूट कॅनॉलसाठी येतात. खाली ही एकच दाढ उरलीय, कवळीचा आकडा तिच्यावरच अडकतो. "इंग्रज हुते तवाची दाढ हाय माजी, काडू नको पोरी," एवढंच त्यांचं मागणं.

अशा दाढेच्या मुळांत सहसा तीन नळ्या असतात. तिन्ही साफ केल्या, तरी ठणका जाईना. चौथी असणार हे कळत होतं, पण तिचं तोंडच सापडत नव्हतं. आज नाही सापडली तर दाढ काढायची, असं मी ठरवलं होतं.

आणि आज आजी आल्या त्या दाढेत भरलेलं तात्पुरतं सिमेंट पडलेलं, खड्ड्यात गच्च मिश्री भरलेली!

"लई ठणकत हुतं गं."

एरवी मिश्रीवरून मी त्यांना दर वेळी ओरडते, आज रागवायचंही त्राण नव्हतं. गुमान धुवत बसले. सगळी मिश्री निघाली, एक काळा ठिपका तेवढा निघेना, मिश्री तिथं कुठंतरी आत शिरून बसली होती. तिथं बारीक सुई लावली, तर ती सरळ आत उतरली. हीच ती चौथी नळी!

मी न बोलता काम उरकलं. खुर्चीतून उठताना आजींनी माझा हात धरला. डोळ्यांत पाणी. "मिश्रीवरून आज वरडली न्हाईस. दाढ जानार व्हय माजी?"

मग मात्र मी मनसोक्त ओरडले. तेव्हा कुठं त्या हसल्या.

तुमच्या गप्प बसण्यानं असं कुणी घाबरतं का हो?