संत्र्याचा घोळाणा

घोळाण्याला मीठ कधी लावायचं, हे कुलसुमबीला कोणी शिकवायला नको. कोवळी मेथी खुडायची, कांदा चिरायचा, शेंगदाणे जाडसर कुटायचे, वरून संत्र्याच्या फोडी सोलून टाकायच्या. मीठ आणि तेल मात्र खाणारा ताटावर बसल्यावरच. आधी लावलं की मेथीला पाणी सुटतं, मग तिला बकरीसुद्धा तोंड लावत नाही. मोर्शीकडच्या गावात होते तेव्हा नवऱ्याच्या, नासिरभाईंच्या, सायकलची घंटा वाजली की तिचा हात मिठाकडे जाई. संत्री तर घरच्या बागेतलीच. विकत घ्यायची वेळ कधी आलीच नाही.

मग लागोपाठच्या दुष्काळी वर्षांनी घात केला. विहिरी आटल्या, बाग उभ्या उभ्या वाळली, विहिरीजवळचं एक झाड तेवढं तगलं. मुलगा फुरकान अकोल्यात ऑटो चालवायचा. त्यानं आईबापाला आपल्या खोलीवर आणलं आणि बाग तोडायला दिली. नासिरभाई एवढंच म्हणाले, "विहिरीजवळचं झाड ठेवजो, बापू. ते माह्या बापानं लावलं." फुरकान हो म्हणाला. पण कुऱ्हाडवाले कोणाचं ऐकतात? तेही गेलं. हे बापाला सांगायची हिंमत ना पोराला झाली, ना आईला. झाडाचं विचारलं की फुरकान विषय बदलायचा, तेव्हापासून बाप त्याच्याशी बोलेनासा झाला.

अकोल्यात आल्यापासून नासिरभाईंनी अन्न टाकल्यातच जमा होतं. चहात पाव बुडवायचा आणि भिंतीकडे तोंड करून पडायचं. डॉक्टर म्हणे, रोग काही नाही, जेवू घाला. अरे, पण घालावं कसं? नाक दाबून तोंड उघडायला ते काय लेकरू आहेत! कुलसुमबीचा जीव नुसता तुटत होता.

शेवटी तिनं बाजारातून संत्री आणली, जन्मात पहिल्यांदा विकत. घोळाणा कालवायला घेतला, ताट मांडलं.

"उठा ना जी. तुमचा घोळाणा करून राहिली."

नासिरभाई हलले नाहीत. "कोन्या बागेचे संत्रे हायेत?"

आता गप्प बसायचं ना बाई! पण बोलून गेली, "आपलेच. विहिरीजवळच्या झाडाचे. गावाकडून कोनी आनून देल्ले."

म्हातारा ताडकन उठून ताटावर बसला. कुलसुमबीनं घाईघाईनं मीठ लावलं, ते जरा जास्तच पडलं. तरी नासिरभाईंनी ताट चाटूनपुसून खाल्लं, भाकरी मागून घेतली. या अल्ला, खोट्याचं पाप माझ्या माथी मार, पण यांना असंच जेवू दे, असं ती मनात म्हणत राहिली.

हात धुतले आणि नासिरभाईंनी खुंटीवरची टोपी काढली.

"कुठी चालले?"

"गावाले. झाडाले फळ आलं तं पानी लागन ना त्याले! कोन देत असन? चाल, तू बी चाल."

"फुरकानले तं येऊ द्या."

"पोराले कायले तरास?"

खरं सांगावं तर हा घास शेवटचा. न सांगावं तर तिथं दाखवायला खोडसुद्धा नाही. तोवर नासिरभाई गल्लीत पोचलेसुद्धा, आणि कुलसुमबी ओढणी सावरत मागं धावली.

गावाकडं नेणारी अमरावतीची गाडी येऊच नये, अशी दुआ ती स्टँडवर मागत बसली. गाडी आली, नेमकी रिकामी. नासिरभाईंनी तिला खिडकीजवळ बसवलं, स्वतः शेजारी टेकले आणि कित्येक दिवसांनी हसले.

"फुरकानवर मी उगाच राग धरला, कुलसुम. पोरानं शब्द पाळला."