दहा हजार संत्री

आमच्या सात पिढ्यांत पहिला बी.ए. मी झालो. हे मी कुठंही सांगतो, कोणी विचारलं नाही तरी सांगतो. सरकारी नोकरीचा हुकूम निघाला होता. फक्त पोलीस पडताळणीचा कागद यायचा होता, तो अडला की हुकूम रद्द. इकडे कळमेश्वरजवळच्या आमच्या गावात बाबांनी आधीच साखर वाटून टाकलेली.

तोवर मी नागपुरात एका मालगुजाराच्या, म्हणजे बड्या जमीनदाराच्या, एकुलत्या एका मुलाचा पत्रव्यवहार सांभाळत होतो. वय तिशीचं, तीनदा इंटर नापास. दहाला उठायचे आणि बारापर्यंत कंटाळा आल्याचं सांगायचे. सगळे त्यांना भैयाजी म्हणत. ते मला नुसतं ‘बी.ए.’ म्हणत. टोमणा होता, पण मला गोड लागायचा.

त्यांच्या बंगल्यामागच्या दोन खोल्यांत पश्चिम आशियातले दोन विद्यार्थी भाड्यानं राहायला आले. त्यांच्या देशात राजा होता आणि तो त्यांना नको होता. भैयाजींचा कंटाळा एका दिवसात पळाला. पंधरा दिवसांत ते राजाविरोधी समितीचे अध्यक्ष! परक्या लिपीतल्या पत्रकावर त्यांचा फोटो छापून आला, भाच्याच्या लग्नातला, फेटा बांधलेला.

“बी.ए., राजा पडला का मी राजदूत. तू माहा सेक्रेटरी.”

“भैयाजी, त्या पत्रकात लिहिलंय तरी काय?”

“मले काय मालूम? फोटो चांगला आला ना गा!”

त्या पत्रकामुळं पोलीस आमचं टपाल आणि तारा तपासू लागले. आम्हाला पत्ता नव्हता.

त्याच आठवड्यात भैयाजींच्या संत्र्याच्या बगीच्यातला माल निघाला. दिल्लीच्या व्यापाऱ्याला तार करायची होती. मी फॉर्मवर इंग्रजीत लिहिलं, ‘टेन थाउजंड ऑरेंजेस रेडी. सेंड ट्रक.’ भैयाजींनी पेन हिसकावलं. “व्यापारी का लंडनचा हाये? साधं संत्री लिही ना!” माझा ‘ऑरेंजेस’ खोडून त्यांनी वर रोमन लिपीतच ‘संत्री’ लिहिलं. खाली पाठवणाऱ्याची सही मात्र माझी.

तिसऱ्या दिवशी भर दुपारी फाटकात जीप उभी राहिली. इन्स्पेक्टर जबलपूरकडचे. हिंदीत संतरी म्हणजे बंदूक घेऊन पहाऱ्यावर उभा राहणारा शिपाई, हे आम्हा दोघांच्याही ध्यानात आलं नव्हतं.

“दस हजार संतरी कहाँ हैं?”

“बगीच्यात,” भैयाजी म्हणाले. “अर्धे अजून झाडावर हायेत.”

“झाड पर? कब से?”

“आठ महिने झाले. ऊन, पाऊस, सारं तिथंच.”

“और खाते क्या हैं?”

“ते काहून खातील, साहेब? आपण त्यायले खातो!”

शिपायानं तोंडावर रुमाल धरला. साहेब मात्र हसले नाहीत. त्यांनी तारेचा मूळ फॉर्म टेबलावर आपटला. “दस्तखत किसका है?”

“माझा,” मी म्हणालो.

“तुम्हारा नौकरी वाला कागज भी मेरे ही पास है.”

साखर वाटणारे बाबा डोळ्यांपुढं आले. पण बी.ए. काय उगाच झालो होतो? “साहेब,” मी म्हणालो, “खोडलेलं वाचा.”

त्यांनी फॉर्म खिडकीच्या उजेडात धरला. खोडलेल्या आडव्या रेघेखालून एकेक अक्षर उठून दिसत होतं. ऑरेंजेस. स्पेलिंग बिनचूक.

“ये काटा किसने?”

मालकाचं नाव कसं घेणार? भैयाजींनी एकदा माझ्याकडं पाहिलं आणि उभे राहिले. तिशीत पहिल्यांदाच ते कोणासाठी उभे राहिले असतील.

“म्या खोडलं, साहेब. याचं बरोबर होतं. तीनदा इंटर नापास हाये मी, विचारा कोणालेही.”

आता साहेब हसले. इतके हसले की टोपी काढून ठेवली. टेबलावरच्या टोपलीतलं एक संत्रं उचलून सोलता सोलता म्हणाले, “ये अध्यक्षगिरी आज ही छोड़ो.”

आठव्या दिवशी माझा कागद आला. शेरा ‘चारित्र्य उत्तम’.

भैयाजींचा राजीनामा मात्र साहेब गेले त्याच दुपारी मी इंग्रजीत लिहिला होता. त्यांनी पेनासाठी हात पुढं केला.

“फक्त सही,” मी म्हणालो, “बाकी कशाला हात लावायचा नाही.”

त्यांनी मुकाट्यानं सही केली.