नारळ फोडला तो ठेकेदार

सक्करदऱ्याच्या आमच्या गल्लीत नत्थू मिस्त्रीइतका संशयी माणूस दुसरा नाही. दूध हुंगल्याशिवाय घेणार नाही, लग्नाचं आमंत्रण आलं तरी यात काय डाव असेल म्हणणार. बायको मीराबाई म्हणते, यांचा स्वतःच्या सावलीवर विश्वास नाही. मी त्याच्याच साइटवर वायरिंग करतो. मला विचाराल तर बांधकामावर असाच माणूस हवा.

इमारतीचं काम गिरिधरशेठने घेतलेलं. स्लॅबच्या पूजेला नारळ ठेकेदाराने फोडायचा, ही रीत. त्या दिवशी शेठने तो नत्थूच्या हातात दिला, गळ्यात हार घातला आणि सगळ्यांदेखत सांगितलं, आजपासून नत्थू ठेकेदार. मजूर त्याच्या ओळखीचे, त्यांचं त्यानेच पाहायचं.

नत्थूला शंका आलीच. "हा साधा चहा पाजत नाही, मले हार काहून घालून राहिला?" असं तो मला म्हणाला. पण मजूर त्याला ठेकेदार म्हणू लागले, मीराबाईने गल्लीत पेढे वाटले आणि संशय विरघळला. परांचीखाली जाळी लागली नव्हती. शेठ आज-उद्या करत होता. एरवी जाळीवाचून कोणाला वर न सोडणारा नत्थू या वेळी गप्प राहिला. नव्या मानाला बट्टा नको, दुसरं काय.

परांचीची फळी सरकली आणि मजुरांमधलाच एक, मीराबाईचा भाऊ चंद्रभान, तिसऱ्या मजल्यावरून खाली आला. जीव वाचला, पण कमरेखालचं अंग गेलं.

सरकारी साहेब चौकशीला आले. ठेकेदार कोण, असं विचारताच भोळ्या मजुरांनी मोठ्या मानाने नत्थूकडे बोट दाखवलं. शेठ शांतपणे म्हणाला, "माणसं त्याचीच आहेत साहेब. मी फक्त माल पुरवतो." हार कशासाठी होता, ते नत्थूला तेव्हा कळलं. शेठचं थोबाड फोडावं असं मला वाटलं.

साहेब खमके निघाले. काम ज्याने घेतलं, सुरक्षेची जबाबदारी त्याची. नारळ दुसऱ्याच्या हातात दिल्याने ती टळत नाही, असं त्यांनी शेठला तोंडावर सुनावलं आणि गुन्हा त्याच्यावरच नोंदवायला लावला.

नत्थू तसाच दवाखान्यात धावला. मी सोबत होतो. मीराबाई भावाच्या उशाशी बसली होती.

"सुटलो वं," तो म्हणाला. "कायदा गिरिधरलेच विचारते."

तिने भावाच्या पायांवर चादर सारखी केली.

"कायद्याले त्याले विचारू द्या. मी तुम्हालेच विचारीन. जाळी नाही, हे तुम्हाले दिसत होतं का नव्हतं?"