खडवलीला न प्यालेलं पाणी

खडवलीला लोक नदीत डुंबायला जातात. मी सुधाकरच्या घरी भेटायला गेलो. तो वारला त्याला आठवडा झाला होता. आमच्या शाळेत तो इंग्रजी शिकवायचा, मी संस्कृत. म्हणजे एक भाषा मुलांना हवी असायची, दुसरी फक्त त्यांच्या मार्कांना.

बाळकुमहून निघणार असाल तर घोडबंदर रोडचा ट्रॅफिक अंगावर यायच्या आत रिक्षा पकडा. ठाण्याहून कसारा लोकल. तिकीट वडापावाहून स्वस्त. टिटवाळ्यानंतर खाण्यापिण्याची सोय विरळ, म्हणून पाण्याची बाटली घरूनच न्यावी. मी नेली.

वाटेत सुधाकरचं लाडकं क्रियापद आठवलं, 'मिसअंडरस्टँड'. वर्गात म्हणायचा, "अर्थ सोपा आहे, गैरसमज करून घेणे. वापर बघा. हे कायम समोरचाच करतो."

स्टेशनपासून घर चालत. भिंतीवर बुद्धाची तसबीर, शेजारी हार घातलेला सुधाकर. वहिनींनी पाणी आणलं. आमच्याकडे सुतकाच्या घरी पाणीही घेत नाहीत. पाठशाळेत वाढलेला हात आपोआप आडवा झाला. "नको, वहिनी."

त्या ग्लास धरून उभ्याच राहिल्या. मुलगी, प्राजक्ता, माझ्या पिशवीतून डोकावणाऱ्या बाटलीकडे बघत होती.

"आई, ठेव तो. सरांनी घरचं आणलंय."

मी सुतकाचं सांगू लागलो. सवयीप्रमाणे सविस्तर. 'मिसअंडरस्टँड करू नकोस' हेही तोंडून निसटलं. तिने शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"असेल, सर. पण माझ्या आजोबांना गावात पाणी वरून ओतायचे. आमच्याकडे 'नको'चा अर्थ कुणाला विचारावा लागत नाही."

"मग दे ते पाणी."

"आता नको. आता तुम्ही आमच्यासाठी प्याल."

वहिनी इतकंच म्हणाल्या, "हे नेहमी सांगायचे, आमचे सर तसले नाहीत." आणि ग्लास आत घेऊन गेल्या.

परतीच्या गाडीत तहान लागली होती. बाटली उघडवेना.

घरी दारातच बायको म्हणाली, "गीझर लावलाय. आधी अंघोळ, कशाला हात लावू नका." कुणाच्या मयतीनंतर भेटून आलं की आमच्यात अंघोळ करतात, घर सख्ख्या भावाचं असलं तरी. हे मला माहीत आहे. पण या क्षणी प्राजक्ता आमच्या दारात उभी असती, तर तिला काय दिसलं असतं?

मी तसाच बाहेरच्या खुर्चीत बसून राहिलो. बायकोला वाटलं, दमलोय.