काळ्या खडकामागे, बोसनकाकांबरोबर

पंख्याचा आवाज आधी पंख्याचाच असतो. दुपारचं जेवण झालं आहे, हॉलमधल्या लाद्यांवर चटई टाकून मी आडवी झाले आहे आणि आत काकू भांडी विसळते आहे. मग त्या आवाजाला ठेका येतो, टक् टक् टक्, आणि मला कळतं की हे होडीचं यंत्र आहे. पाठीखालच्या लाद्या हळूच वर उचलल्या जातात, हळूच खाली बसतात. झोप लागतेय, असं मला वाटतं. लगेच वाटतं, छे, मी तर जागीच आहे.

"हेमू, दोरावर पाय देव नको. कितीदा सांगलंय तुका?"

मी पाय उचलते. होडीच्या मागच्या टोकाला, सुकाणूवर हात ठेवून, बोसनकाका बसलेत.

बोसनकाका म्हणजे माझे सख्खे चुलते, जनार्दन गिरकर. त्यांची उमेदीची सगळी वर्षं मालवाहू जहाजांवर गेली. डेकवरच्या खलाशांचा म्होरक्या तो बोसन, म्हणून गावभर बोसनकाका. गेल्या श्रावणात ते वारले. शेवटचं पाणी मीच पाजलं. हे सगळं मला होडीत बसूनही लख्ख आठवतं आहे, आणि तरी माझ्या छातीत आनंद नुसता उड्या मारतो आहे.

"काका, तुमी गेलात मा?"

"गेलंय तर. म्हणान काय इतकी बरी दुपार फुकट घालवू?"

त्यांनी तोच नेहमीचा चौकडीचा शर्ट घातला आहे. वारा त्यात शिरून तो फुगवतो. दाढीचे खुंट पांढरे, डोळे बारीक केलेले, उन्हात बघून बघून तसेच झालेले. मला त्यांना हात लावून बघायचा आहे, पण होडी इतकी वेगात चालली आहे की मी दोन्ही हातांनी फळी धरून बसले आहे.

"खय चाललंव आपण?"

"काळ्या खडकामागे. अजून खय?"

 आज संध्याकाळची मच्छीमारांची सभा काळ्या खडकाचीच आहे, तिथे जाळी टाकू द्यायची की नाही ते ठरवायला.

काका जहाजावरून कायमचे घरी आले, त्यानंतरची गोष्ट. खडकामागच्या शांत पाण्यात मासे अंडी घालतात, तिथे कुणी जाळं टाकायचं नाही, असं ते बंदरावर उभं राहून सांगू लागले. लोक हसायचे. जहाजावर असताना सगळा कचरा समुद्रात फेकलास आणि आता आम्हाला शिकवतोस? काका म्हणायचे, "फेकलंय. माझ्या ह्या हातांनी फेकलंय. म्हणानच सांगतंय." रोज सकाळी जाऊन सांगायचे. पावसाळ्यात होड्या वर ओढलेल्या असत, तेव्हा घरोघरी जाऊन सांगायचे.

आणि मग तो देवमासा आला. खडकामागे टाकलेल्या माझ्या बाबांच्या नव्या कोऱ्या जाळ्यात अडकला. शेपटीला जाळ्याचे वेढे पडलेले, श्वासाला वर येणंही त्याला जमेना. मी तेव्हा कॉलेजात होते. मी होडी धरून ठेवली आणि काका दातांत सुरी धरून पाण्यात उतरले. बाबा किनाऱ्यावरून ओरडत होते, "जन्या, जाळा कापू नको!" काकांनी जाळं कापलं. देवमासा सुटला. बाबा तो सगळा हंगाम काकांशी बोलले नाहीत. पण बाकीच्या गावाने तो मासा सुटताना पाहिला होता, आणि त्यानंतर काळ्या खडकामागे कुणाचं जाळं पडलं नाही. काका होते तोवर.

"काका," मी ओरडते, कारण यंत्राचा आवाज फार आहे, "आज सभेत मी काय बोलू? कोणच ऐकना नाय."

ते सुकाणू वळवतात. होडी वळते आणि आम्ही मच्छीमार सोसायटीच्या हॉलमध्ये असतो.

प्लॅस्टिकच्या लाल खुर्च्या ओळीने मांडल्या आहेत. सगळे होडीवाले बसले आहेत. पाणी घोट्यापर्यंत आहे, पण त्याबद्दल कुणी काही म्हणत नाही. समोरच्या टेबलाशी चेअरमन मनोहर मेतर चष्मा पुसत उभे आहेत.

"हेमांगी," ते म्हणतात, अगदी मायेने म्हणतात, त्यामुळेच मला जास्त लागतं, "तुझ्या काकांचो आमी मान ठेवलो. ते होते तवसर खडकामागे कोण गेलो नाय. पण आता माणूस नाय, तर नियम कोणासाठी ठेवचो?"

मी उभी राहते. तोंड उघडते. मी पाठ केलेलं सगळं गेलं आहे. शेवटच्या रांगेत काका बसलेत, पँट गुडघ्यापर्यंत दुमडलेली, पाय पाण्यात हलवताहेत. शाळेतल्या मुलाला उत्तर सांगावं तसं ते तोंडावर हात धरून कुजबुजतात.

"बोलू नको गो. घेऊन चल तेंका."

"कशे?"

"बसलेहत तशे!"

आणि खुर्च्या सुटतात. पाणी गुडघ्यापर्यंत येतं, खुर्च्या तरंगू लागतात, भिंती मागे राहतात. सगळे होडीवाले आपापल्या खुर्चीचे हात घट्ट धरून समुद्रावर निघतात. कुणी घाबरत नाही. उलट कुणीतरी हसतं, कुणीतरी हाताने वल्हं मारतं आणि दुसऱ्याच्या पुढे जातं. मेतरांचं टेबलसुद्धा येतं. मी कशावर उभी आहे मला माहीत नाही, पण मी उभी आहे, आणि ऊन पाण्यावर इतकं नाचतं आहे की डोळे मिटले तरी ते आत दिसतं.

खडकामागे पाणी हिरवं आणि संथ आहे. खाली तारले माशांचे थवे. एक थवा वळला की सगळं पाणी चांदीचं होतं, दुसरा वळला की पुन्हा हिरवं. पोरं वर्गातून सुटावीत तसे ते आमच्या खालून पळतात.

"बघ," काका माझ्या शेजारून म्हणतात. ते कधी शेजारी आले, कळलं नाही. "ह्याच दाखवूचा. हेच्यावर तू कसला भाषण करतलंस?"

"पण हे सगळे येतले काय हय?"

"इचारलंस कधी?"

मी कधीच विचारलं नाही. काका बोलायचे म्हणून मीही बोलण्याचीच तयारी करत बसले.

तेवढ्यात तारले फुटतात, सगळे एकदम, सगळीकडे, आणि त्यांच्या खालून अंधार वर येतो. आधी मला वाटतं खडकच हलला. मग तो खडक लांबत जातो. एका खुर्चीखालून, मग दुसऱ्या, मग टेबलाखालून, संपतच नाही. कुणी श्वास घेत नाही. पाठ पाणी फोडून वर येते, काळी, चकचकीत, तिच्यावरून पाणी ओघळतं.

"देवमासो!" मेतर ओरडतात. आवाज लहान मुलाचा. "अरे, देवमासो रे!"

आणि तो श्वास सोडतो. फुस्स! एवढ्या जोराने की मी मागे पडते. पांढरा फवारा उंच जातो, उन्हात उलगडतो आणि आमच्या सगळ्यांवर कोसळतो. मेतरांचा चष्मा वाहून जातो. सगळे भिजतात, सगळे ओरडतात, "आणि एकदा! आणि एकदा!" माझे केस सुटून तोंडावर चिकटतात आणि मी हसते आहे, ओरडते आहे, काय ओरडते आहे ते मलाच कळत नाही.

शेपटी वर येते. तिच्या बुडाशी पांढरट वळ, दोराने आवळल्यासारखा.

"काका! तोच मा? आपलो?"

 काकांनी हात पुढे केला आहे आणि मासा त्या हाताखालून सावकाश जातो आहे, पूर्ण लांबीभर. त्यांचा चेहरा मी असा कधी पाहिला नव्हता. जहाजावरून घरी येताना बंदर दिसल्यावर त्यांचा चेहरा असा होत असेल कदाचित, पण तेव्हा मी तिथे नसायचे.

आता खुर्च्या नाहीत, माणसं नाहीत. काका होडीच्या काठावर पाय बाहेर सोडून बसलेत. ते निघालेत, हे मला समजतं.

"काकूक काय सांगू?" मी घाईघाईने विचारते. "ती रोज वाट बघता. तिच्या सपनात तुमी एकदाव जाणा नाय."

ते जरा लाजतात. मान खाजवतात.

"काय सांगा नको. ती वळखतली."

आणि देवमासा पुन्हा श्वास सोडतो, अगदी जवळ, माझ्या डोक्यावर.

"गो, आरडतंस कित्या? शेजारी धावत येतले!"

काकू हातात ओलं पातेलं घेऊन माझ्यासमोर उभी आहे. वर पंखा फिरतो आहे. मी उठून बसते. तोंडावर हसू तसंच आहे, आणि शब्द फुटायच्या आधी माझा हात फोनकडे जातो. मेतर उचलतात.

"मेतरकाका, आजची सभा हॉलात नको. खडकामागे करूया, होडयेत. एकदाच चला. बघा, मगे काय ता ठरवा."

 मेतर म्हणतात, "किती होडये काढू?"

फोन ठेवताना माझ्या मनगटावरून पाणी ओघळतं. मी वर हात नेते. केस भिजलेत. घामाने नाही. पिळले तर धार लागेल एवढे चिंब, आणि चटईवर डोक्याखाली थारोळं झालं आहे. काकू टॉवेल घेऊन येते, वाकते आणि तिथेच थांबते.

"ह्यो वास..."

मलाही आता येतो. कुजलेल्या मासळीचा, शेवाळाचा, कुणाच्या तरी पोटातल्या उबेचा. भयंकर घाण वास.

"त्या दिवशी जाळा कापून इले तेवा असोच येय होतो," काकू म्हणते. "घरात घेऊक नव्हता मी. अंगणात बसवन घासलंय, तरी जाय नाय."

तिचा हात माझ्या केसांत आहे. बोटाला लागलेलं पाणी ती जिभेवर लावून बघते. मग ती खाली बसते, माझे ओले केस ओंजळीत घेते, त्यात तोंड खुपसते आणि हसू लागते. खांदे हलतात तिचे.

मी टॉवेलकडे हात करते.

"पुसू नको," ती केसांतूनच म्हणते.